उबंटूवर ब्रॉडबँड चालू केलं त्याची हकिगत

जून २००९ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या चिपळूणच्या घरी ब्रॉडबँड आलं. त्याच्या चारच दिवस आधी मी संगणकावरचं विंडोज काढून उबंटू टाकलं होतं. उबंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवर उभी असलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. आधी इंटरनेट आणि मग उबंटू असं झालं असतं, तर अडेल तिथे घरबसल्या वाचता आलं असतं. तसं झालं नाही. इंटरनेट कसं चालू करायचं ते इंटरनेटवरच लिहिलेलं, आणि ते माझ्याकडे नाही. त्यामुळे पुढचे अकरा दिवस मी घर आणि चिंचनाक्याजवळचा सायबर कॅफे अशा फेऱ्या मारल्या, हातात एक शंभर पानी वही घेऊन.

उबंटूकडे वळायला कारण होतं. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका, टिपणं, संमेलनाच्या नाटुकल्यांच्या संहिता, सगळं जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं. तो मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा गाळ दिसायचा, कारण त्या फॉन्टांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या रोमन अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा आहे हे कळल्यावर मला तिकडेच जायचं होतं. त्यात शाळेतल्या पेनड्राइव्हांमधून व्हायरस यायचे आणि एकदा माझ्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. उबंटूची सीडी तेव्हा मागितली की टपालाने घरी फुकट यायची (ती योजना २०११ मध्ये बंद झाली). माझी ८.०४ ही आवृत्ती होती, एप्रिल २००८ ची, जिला घरगुती संगणकासाठी ३ वर्षं दुरुस्त्या मिळणार होत्या. सीडी घातली, मराठी निवडली आणि पडद्यावर सगळे मेनू मराठीत आले. मी किती वेळ नुसती बघत बसले होते ते आठवत नाही.

लाइनमन आले तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांनी टेलिफोनच्या वायरीवर स्प्लिटर बसवला, एक तोंड फोनला, एक मोडेमला दिलं आणि मोडेमची यूएसबी वायर संगणकाला लावून सोबतची सीडी आत सरकवली. ती सीडी विंडोजचीच. मी उबंटू म्हटल्यावर ते थांबले.

"बाई, हे आमच्याकडे कोणाकडे नाही. मोडेम चालू आहे, हा बघा डीएसएलचा दिवा स्थिर झाला. पुढचं मला नाही जमायचं. विंडोज घाला नि फोन करा, मी येतो."

ते तुसडेपणाने बोलले नाहीत, हे मुद्दाम सांगते. त्यांना जेवढं शिकवलं होतं तेवढं त्यांनी नीट केलं आणि यूजरनेम-पासवर्डची चिठ्ठी लिहून देऊन गेले. डीएसएलचा दिवा स्थिर आहे, या त्यांच्या वाक्याची किंमत मला नंतर कळली. डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, आणि दिवा स्थिर याचा अर्थ आमच्या घरापासून टेलिफोन एक्सचेंजपर्यंतचा रस्ता शाबूत आहे. अडचण जी काही होती ती घरातच होती.

पहिले तीन दिवस मी यूएसबीत घालवले. वायर लावून दिली होती ती तीच, म्हणून तीच बरोबर असं मी धरून चालले. यूएसबीने जोडलेल्या मोडेमला ओळखण्यासाठी संगणकाला त्या मोडेमचा खास ड्रायव्हर, म्हणजे तो मोडेम कसा चालवायचा हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो आणि काही मोडेमांना तर संगणकाने आधी त्यांचं फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आत चालणारा प्रोग्रॅम, पाठवावं लागतं, तेव्हा ते जागे होतात. मी कॅफेत वाचायचे, वहीत आज्ञा उतरवायचे, घरी येऊन टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, टाइप करायचे. नवख्या माणसाला टर्मिनलमध्ये पहिली धास्ती वाटते ती 'सुडो'ची, म्हणजे पुढची आज्ञा मालकाच्या हक्काने चालव असं सांगणाऱ्या शब्दाची. पासवर्ड विचारला जातो आणि आपण टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. मला कीबोर्ड बिघडला असं वाटलं. पण कीबोर्ड ठीक होता, सुडोचं तेव्हा तसंच होतं. न दिसणारा पासवर्ड टाइप करायचा आणि एंटर दाबायचं.

हाताने उतरवलेल्या आज्ञांमध्ये शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांचा फार घोळ होतो. दुसऱ्या दिवसापासून मी शून्यावर तिरकी रेघ मारायला लागले आणि जिथे मोकळी जागा सोडायची तिथे खाली छोटी कंसासारखी खूण. ही सवय अजून आहे.

तिसऱ्या रात्री, कुठेतरी वाचलं म्हणून, मी मोडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. त्याने तेव्हा काहीच फरक पडलेला दिसला नाही. पण पुढचे चार दिवस त्या दहा सेकंदांमुळे गेले.

कॅफे चालवणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. चौथ्या दिवशी त्याने माझ्या वहीत डोकावून विचारलं, "बाई, खोक्यात दुसरी वायर नव्हती का? रुंद क्लिपवाली?"

होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतून मी ती बाहेरसुद्धा काढली नव्हती. ती लॅनची, म्हणजे संगणकांचं जाळं जोडायची वायर. तिचं एक टोक मोडेमच्या मागे, एक संगणकाच्या नेटवर्क कार्डात. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर उबंटूत आधीपासून असतो आणि पलीकडे कोणत्या कंपनीचा मोडेम आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मोडेम हा स्वतः एक छोटा संगणकच आहे, त्याचं काम त्याच्या आत चालतं. अशा कितीतरी मोडेमांच्या आत तर लिनक्सच असतं. आपण त्याला नुसती वायर जोडायची. कोणी मला एकच वाक्य आधी सांगायला हवं होतं, तर ते हे: मोडेमला यूएसबी आणि लॅन दोन्ही तोंडं असतील तर लॅनचं वापर.

वायर लावली. मोडेमवरचा लॅनचा दिवा लागला. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याचं चिन्ह आलं. मी फायरफॉक्स उघडला आणि कोणतंही पान उघडेना.

इथे बहुतेक नवखे हात टेकतात, कारण संगणक सांगतोय जोडलंय आणि दिसत तर काहीच नाही. मलाही ते चिन्ह खोटं वाटलं. ते खोटं नव्हतं. संगणक आणि मोडेम यांच्यात एक जोडणी असते, मोडेम आणि एक्सचेंज यांच्यात दुसरी, आणि त्या दोन्हींवरून आपल्या यूजरनेमने उघडायची तिसरी. चिन्ह फक्त पहिलीबद्दल बोलत होतं. 'आयएफकॉन्फिग' ही नेटवर्कचे पत्ते दाखवणारी आज्ञा दिल्यावर ईटीएच० या, म्हणजे माझ्या नेटवर्क कार्डाच्या, नावापुढे १९२.१६८.१.२ हा पत्ता दिसला. तो मोडेमनेच दिलेला. मोडेमचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. त्याला 'पिंग' केलं, म्हणजे 'आहेस का' असं विचारलं, तर मिलिसेकंदाच्या आत उत्तर आलं, एकामागून एक, ओळी धावत राहिल्या. (थांबवायला कंट्रोल आणि सी. तेही मला माहीत नव्हतं, मी खिडकीच बंद केली.) तोच पत्ता फायरफॉक्समध्ये टाकल्यावर मोडेमची स्वतःची पानं उघडली. चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला उत्तर दिलं होतं. मी आप्पांना हाक मारून दाखवलं.

"लागलं का गं बाय?" आप्पांनी विचारलं.

"अजून नाही. पण मोडेम बोलतोय माझ्याशी."

"मग होईल," म्हणाले आणि बातम्या बघायला गेले.

तिसरी जोडणी म्हणजे पीपीपीओई. यूजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरण्याची पद्धत टेलिफोन कंपन्यांकडे डायल-अपच्या काळापासून होती. तीच पद्धत लॅनच्या वायरीवरून नेण्याची युक्ती म्हणजे पीपीपीओई, १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या, इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या मालिकेतल्या दस्तऐवजात मांडलेली. उबंटूच्या सीडीतच त्यासाठी 'पीपीपीओईकॉन्फ' नावाची आज्ञा होती. काहीही उतरवून घ्यायची गरज नाही, ही तेव्हा माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती. 'सुडो पीपीपीओईकॉन्फ' म्हटलं की टर्मिनलमध्येच एक निळा पडदा येतो आणि एकेक प्रश्न विचारतो.

मला पहिल्या प्रश्नापुढे जाताच आलं नाही. नेटवर्क कार्ड सापडलं, मग शोध सुरू झाला, मग संदेश आला की तुमच्या कंपनीचा अ‍ॅक्सेस कॉन्सन्ट्रेटर उत्तर देत नाही, वायरी आणि मोडेम तपासा.

या संदेशावर मी दोन दिवस थांबले, आणि त्या दोन दिवसांत जेवढं शिकले तेवढं नंतरच्या दोन वर्षांत शिकले नाही. पीपीपीओई सुरू होताना संगणक सगळ्यांना उद्देशून एक साद घालतो: माझी जोडणी करून देणारं कोणी आहे का? पलीकडे एक्सचेंजच्या बाजूचं यंत्र असतं, अ‍ॅक्सेस कॉन्सन्ट्रेटर, ते म्हणतं, मी आहे. मग पुढची बोलणी. पासवर्ड वगैरे फार नंतर येतो. म्हणजे माझा पासवर्ड चुकीचा असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी मी तो चारदा तपासला होता. माझी साद पलीकडे पोचतच नव्हती. डीएसएलचा दिवा मात्र स्थिर. रस्ता आहे, पण साद जात नाही, हे कसं?

उत्तर मोडेमच्या पानावर होतं. डीएसएलच्या तारेतून जाणारी माहिती एका ठरलेल्या आभासी वाहिनीतून जाते आणि त्या वाहिनीला दोन आकडे असतात, व्हीपीआय आणि व्हीसीआय. एक्सचेंजमध्ये जे आकडे ठरलेले तेच मोडेममध्ये हवेत. तारेवरचा सिग्नल जुळला की दिवा स्थिर होतो, हे आकडे जुळोत की न जुळोत. माझ्या मोडेममध्ये ८ आणि ३५ होते. लाइनमननी लावून दिलेले आकडे माझ्या टाचणीने पुसले गेले होते आणि कारखान्यातले परत आले होते.

मी एक्सचेंजला फोन केला. दोन ठिकाणी फिरवल्यावर एका तरुण आवाजाच्या कर्मचाऱ्याने विचारलं, "कोणती ऑपरेटिंग सिस्टिम?" मी म्हटलं, "ते राहू दे. मला फक्त व्हीपीआय-व्हीसीआय सांगा." क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "झिरो-पस्तीस, मॅडम. एनकॅप्सुलेशन एलएलसी ठेवा. मोड ब्रिज आहे ना?" एनकॅप्सुलेशन म्हणजे माहिती गुंडाळून पाठवायची पद्धत, एलएलसी हा तिचा एक प्रकार. नेमका प्रश्न विचारला की माणूस नेमकं उत्तर देतो. आधीच्या आठवड्यात मी दोनदा फोन करून 'इंटरनेट चालत नाही' एवढंच सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मला विंडोज टाकायला सांगितलं गेलं होतं.

आकडे बदलले, जतन केले, मोडेम बंद-चालू केला. 'पीपीपीओईकॉन्फ' परत. या वेळी शोध संपायला चार सेकंदही लागले नाहीत. यूजरनेम. पासवर्ड. नावांचे पत्ते शोधणारे सर्व्हर कंपनीचेच वापरायचे का? हो. मग १४५२ या आकड्याबद्दलचा एक प्रश्न, जो मला अजिबात कळला नाही. सुचवलेलं उत्तर 'हो' होतं ते ठेवलं आणि आकडा वहीत लिहिला. नंतर समजलं: लॅनच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई घेतं, उरतात १४९२, त्यातून पत्त्यांचे नि क्रमांकांचे ४० वजा केले की प्रत्यक्ष मजकुराला १४५२. लिफाफ्यावर लिफाफा चढवला की आतल्या चिठ्ठीला जागा कमी उरते. शेवटी, आत्ता जोडू का? हो.

पान उघडलं नाही.

मी त्या रात्री रडले होते, हेही लिहिते. बारा वाजून गेले होते, दुसऱ्या दिवशी शाळा होती. पण सकाळी चहा घेताना निळ्या पडद्याचं शेवटचं वाक्य आठवलं: काय झालं ते बघायचं असेल तर 'प्लॉग' म्हणा. प्लॉग म्हणजे जोडणीची नोंदवही. त्यात शेवटच्या दहा-पंधरा ओळी असतात आणि त्या साध्या इंग्रजीत असतात. पासवर्ड मान्य झाला होता. मला एक पत्ता मिळाला होता. दोन नाव-सर्व्हरही मिळाले होते. आणि त्यांच्या मधोमध एक ओळ: 'नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डीफॉल्ट राउट टू ईटीएच०', पुढे कंसात मोडेमचा पत्ता.

मी ती मराठीत करून वहीत लिहिली. आधीपासून असलेला मुख्य मार्ग बदलत नाही.

संगणकाला घराबाहेरचं काहीही पाठवायचं असेल तर ते कोणाच्या हाती द्यायचं हे ठरलेलं असतं, तो मुख्य मार्ग. मोडेमने पत्ता देताना सांगून ठेवलं होतं की बाहेरचं सगळं माझ्याकडे दे. पण ब्रिज मोडमधला मोडेम म्हणजे नुसता पूल, तो स्वतः काहीच पुढे पोचवत नाही. नवी जोडणी उघडली होती, पत्ता मिळाला होता, तरी संगणक सगळं जुन्या मार्गाने मोडेमकडे देत होता आणि ते तिथेच पडत होतं. नवी जोडणी जुना मार्ग आपणहून मोडत नाही, आणि तसं तिने नोंदवहीत स्वच्छ लिहूनही ठेवलं होतं.

उपाय तीन ओळींचा. 'पॉफ' म्हणून जोडणी तोडायची. 'सुडो राउट डेल डीफॉल्ट' म्हणून जुना मार्ग पुसायचा. 'पॉन डीएसएल-प्रोव्हायडर' म्हणून परत जोडायची. सकाळचे पावणेसात झाले होते. फायरफॉक्समध्ये मी मराठी विकिपीडियाचा पत्ता टाकला आणि मुखपृष्ठ वरपासून खालपर्यंत उलगडलं. देवनागरीत, आमच्या घरात, आमच्या तारेवरून.

आप्पा बघायला आले. मी त्यांना विचारलं, काय शोधू? ते म्हणाले, "वाशिष्ठी." वाशिष्ठी नदीवरचा लेख ते उभ्यानेच वाचू लागले, मग म्हणाले यात बरंच काही राहिलंय. पुढे त्या लेखात भर घालायला ते माझ्या शेजारी बसायचे आणि मी टाइप करायचे. पण ती हकिगत वेगळी.

संगणक दर वेळी सुरू केला की त्या तीन ओळी टाइप कराव्या लागत. दोन महिने मी त्या केल्या. कायमचा उपाय गणपतीच्या सुट्टीत सापडला: 'इंटरफेसेस' नावाच्या फाइलमध्ये ईटीएच० ला पत्ता आपणच नेमून द्यायचा, मी १९२.१६८.१.५ दिला, आणि गेटवेची, म्हणजे मुख्य मार्ग सांगणारी, ओळ लिहायचीच नाही. मग जुना मुख्य मार्ग तयारच होत नाही. फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. मी काढली होती, आणि एक स्वल्पविराम चुकून पडला तेव्हा ती कामाला आली.

जोडणी लागल्यावर एक त्रास उरला होता. फोन वाजला की इंटरनेट तुटायचं. मी परत उबंटूला दोष देऊन नोंदवही चाळत बसले, पण या वेळी दिव्यांकडे बघायचं सुचलं. फोन वाजताक्षणी डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागत होता. म्हणजे बिघाड तारेवरच. फोनवरचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि डीएसएल त्याच तारेवर त्याच्या बऱ्याच वर. दोघांना वेगळं ठेवतो तो स्प्लिटर. आप्पांच्या खोलीत एक जोडफोन आहे आणि त्याची वायर स्प्लिटरच्या आधीच फुटलेली होती. तेच लाइनमन आले, एक छोटा फिल्टर बसवला, पाच मिनिटांचं काम. जाता जाता त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, "बाई, हे तेच का? बघू, कसं केलंत?" मी वही दिली. त्यांनी तीन पानं मोबाइलमध्ये फोटो काढून घेतली.

दिवाळीनंतर शाळेत ब्रॉडबँड आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी मलाच बोलावलं. तिथे मी वेगळी वाट धरली. मोडेमच्या पानावर ब्रिजच्या जागी पीपीपीओई निवडलं, यूजरनेम-पासवर्ड मोडेममध्येच भरला. मग साद घालणं, पासवर्ड देणं, मुख्य मार्ग धरणं हे सगळं मोडेमच करतो आणि त्याने सांगितलेला मार्ग खरा ठरतो. संगणकाला नुसती लॅनची वायर लावायची, तो विंडोजचा असो की उबंटूचा. नवख्यांनी हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र यूजरनेम भरण्याआधी मोडेमच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड बदलावा. तो बहुतेक 'अ‍ॅडमिन' असाच यायचा आणि कोणालाही माहीत असायचा.

शाळेतलं काम वीस मिनिटांत झालं. दुपारी शिपायांनी वायर खिळ्यांनी भिंतीला ठोकून दिली आणि आठवी अ च्या मुली दारातून डोकावायला लागल्या.